घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थेची पारख कशी करावी?

टिपणवही (धागालेखक)

नमस्कार. पक्षाघातानंतर माझ्या वडिलांची उजवी बाजू लुळी पडली, त्याला आता चार वर्षे होत आली. या काळात शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या तीन संस्थांशी आमचा संबंध आला, आणि पहिल्या दोन्ही वेळी मी एकच चूक केली, असे आता जाणवते. घरी आलेला मदतनीस चांगला निघाला की मी संस्थेला चांगली म्हणत असे आणि तो कामचुकार निघाला की संस्थेला नावे ठेवत असे. संस्था म्हणजे तिने पाठवलेला माणूस, हे समीकरण इतके सोयीचे आहे की ते तपासून पाहावे असे बरेच दिवस सुचलेच नाही.

दुसऱ्या संस्थेकडून रात्रपाळीला येणारा मदतनीस वेळ पाळणारा, मृदू बोलणारा आणि वडिलांशी आपुलकीने वागणारा होता. संस्थेने एक नोंदवही दिली होती आणि तिच्यात दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करायची असे. एका पहाटे मला जाग आली म्हणून मी खोलीत डोकावलो. चार वाजून दहा मिनिटे झाली होती, मदतनीस खुर्चीत गाढ झोपला होता, आणि वहीत दोन, चार आणि सहा या तिन्ही वेळांसमोर ‘कूस बदलली’ असे लिहून झाले होते. सहाच्या नोंदीवरून बोट फिरवले तर शाई केव्हाच वाळलेली होती. वडील पाठीवर होते. त्यांना डाव्या कुशीवर घेतले तेव्हा माकडहाडापाशी अंगठ्याच्या पेराएवढा लाल डाग दिसला; तो दाबून बोट उचलले तरी क्षणभरही फिका पडला नाही.

सकाळी संस्थेला कळवले. ‘आज संध्याकाळपासून दुसरा माणूस देतो’, असे उत्तर दोन मिनिटांत मिळाले, आणि खरे सांगायचे तर त्या तत्परतेचे मला कौतुकही वाटले. दुसरा माणूस आला. दहा दिवसांनी त्याच्याही नोंदी तशाच, एका बैठकीत लिहिलेल्या आणि एकाच बाजूला झुकलेल्या अक्षरांतल्या दिसू लागल्या. तेव्हा कुठे प्रश्न पडला, की ही वही संस्थेतले कोणी वाचते तरी का? मदतनीस आधी कुठे काम करून येतो, तो रात्री जागा राहू शकेल का, डाग दिसल्यावर त्याने कोणाला सांगायचे, यातले काहीही संस्थेने मला विचारले नव्हते आणि मीही संस्थेला विचारले नव्हते.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजावी यावर अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये एक निबंध लिहिला आणि त्यात रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन बाजूंनी सेवेकडे पाहण्याची रीत मांडली. आपण घरचे लोक रचना पाहतो, म्हणजे प्रमाणपत्रे, गणवेश, कार्यालय. परिणामही पाहतो, म्हणजे रुग्णाला बरे वाटते आहे की नाही. मधली प्रक्रिया मात्र आपण झोपेत किंवा कामावर असताना घडते. शिवाय परिणाम फसवा असतो, कारण उत्तम शुश्रूषा होऊनही वृद्ध माणूस खालावतो आणि हयगय होऊनही एखादा दैवाने टिकून राहतो. तेव्हा संस्थेची (मदतनिसाची नव्हे) पारख तुम्ही कशी करता, हे अनुभवासकट लिहावे अशी विनंती आहे.

जुनी_परिचारिका

मी पंधरा वर्षे रुग्णालयात आणि त्यानंतर आठ वर्षे अशाच एका संस्थेत पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे सांगू शकेन.

पहिली पारख मदतनीस येण्याच्या आधीच होते. तुम्ही दूरध्वनी केल्यावर संस्था काय विचारते ते लक्ष देऊन ऐकावे. ‘बाई हवी की पुरुष, बारा तास की चोवीस तास, वजन किती’ एवढ्यावर बोलणे संपले तर ती संस्था माणसांची ने-आण करते, असे समजायला हरकत नाही. जिला शुश्रूषा कळते ती संस्था आधी आपली परिचारिका घरी पाठवते. ती परिचारिका पलंगाची उंची पाहते, पलंगापासून शौचालयापर्यंत स्वतः चालून बघते, रुग्ण शेवटचा कधी पडला ते विचारते, पाणी पिताना ठसका लागतो का ते स्वतः एक घोट पाजून पाहते. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा कामांची यादी आजही वापरात आहे : आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाणे, मलमूत्रावरचा ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. यातले रुग्ण स्वतः काय करतो हे ज्या संस्थेने लिहून घेतलेले नाही, तिचा मदतनीस सगळेच स्वतः करून टाकतो. घरच्यांना ती सेवा वाटते, पण रुग्णाच्या हातात उरलेली शक्तीही त्यामुळे जाते. चमचा धरू शकणाऱ्या माणसाला भरवणे हा माझ्या मते सर्वांत सभ्य दिसणारा हलगर्जीपणा आहे.

शय्याव्रणाविषयी (एकाच स्थितीत पडून राहिल्याने दाबाखालच्या त्वचेला होणाऱ्या जखमेविषयी) थोडे सविस्तर लिहिते, कारण धागालेखकांनी जे पाहिले ती त्याची पहिली पायरी होती. दाबल्यावर फिकी न पडणारी लाली म्हणजे आतल्या ऊतींना इजा सुरू झालेली असते. (सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा तो भाग गरम किंवा गार, कडक किंवा पिळपिळीत लागतो का, हे हाताने पाहावे लागते.) अशा जागी चोळू नये. पूर्वी चोळत असत, आणि जुने मदतनीस अजूनही प्रेमाने चोळतात, त्याने इजा वाढते. मध्ये भोक असलेली गोल गादीही वापरू नये, कारण तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, हाही गैरसमजच. दोन तास हा आकडा ढोबळ आहे. कोणाची त्वचा त्याहून कमी सोसते तर कोणाची अधिक, आणि हे ठरवण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी आहे. तिच्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, स्वतः स्थिती बदलण्याची क्षमता, पोषण, आणि घर्षण व घसरण अशा सहा बाबींचे गुण मिळून ६ ते २३ अशी बेरीज येते. बेरीज जितकी कमी तितका धोका अधिक, आणि १८ किंवा त्याखाली आली की सावध व्हायचे. संस्थेला सरळ विचारावे, ‘आमच्या रुग्णाचे गुण किती, आणि ते शेवटचे कधी काढले?’ उत्तर देताना समोरचा अडखळला तर अडखळू द्यावे. मोजपट्टीचे नावच ऐकले नसेल, तर मात्र प्रश्न गंभीर आहे.

नोंदवहीपेक्षा शरीर अधिक खरे बोलते. टाचा, घोटे, कमरेची हाडे, माकडहाड, खांद्याची पाती, कोपरे, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या हे सगळे आठवड्यातून एकदा स्वतः पाहावे. पण मी पर्यवेक्षक म्हणून घरी जात असे तेव्हा सर्वांत आधी पाहत असे ती लुळ्या हाताची मूठ. पक्षाघाताच्या रुग्णाची बोटे हळूहळू आत वळतात आणि तळहात बंद होतो. ती मूठ मनगट किंचित वाकवून, बोट-बोट हळू उलगडून उघडावी लागते, धुऊन कोरडी करावी लागते आणि नखे कापावी लागतात. पाहुण्यांना चेहरा दिसतो, केस विंचरलेले दिसतात, चादर दिसते. मूठ कोणी उघडून बघत नाही. ती उघडल्यावर कुबट वास आला, तळहातावर नखांच्या चंद्रकोरी उमटलेल्या दिसल्या, तर त्या घरातली वही मी वाचतसुद्धा नसे.

अर्धविराम

धागा उपयुक्त आहे. एकच विचारतो : हे सगळे करण्यापेक्षा खोलीत कॅमेरा लावला तर?

निशाचर

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने आलो आहे. सहा वर्षे रात्रपाळीचा मदतनीस म्हणून वेगवेगळ्या संस्थांकडून घरोघरी काम केले. पहाटे चारला सहाची नोंद मीही केलेली आहे, त्यामुळे त्या खुर्चीतल्या माणसाविषयी थोडे लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

संस्थेचा संदेश येतो, ‘पत्ता पाठवला आहे, आठ वाजता हजर व्हा.’ रुग्णाला काय झाले आहे, त्याला नळीतून आहार आहे की तोंडाने, त्याचे वजन किती, त्याला ऐकू येते की नाही, हे दार उघडल्यावर कळते. मी एकदा सत्तर किलोच्या, दोन्ही पायांत बळ नसलेल्या गृहस्थांना एकट्याने उचलण्याचा प्रयत्न केला, कारण घरच्यांना संस्थेने ‘एक माणूस पुरेल’ असे सांगितले होते. त्या घरात रुग्णाला धरून उठवायला लागणारा कमरेचा पट्टा नव्हता, आणि रुग्णाला सरकवण्यासाठी अंगाखाली आडवी घातलेली चादरही नव्हती. घाईत त्यांचा लुळा हात धरून मी ओढले. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा असा ओढला तर सांधा निसटू शकतो, हे मला दोन वर्षांनी एका व्यायामोपचारतज्ज्ञ बाईंनी समजावले. त्या गृहस्थांना काही झाले नाही, हा निव्वळ योगायोग. आणि त्या घरातून माझ्याविषयी संस्थेकडे प्रशंसा गेली होती, हेही नमूद करतो.

आता खोट्या नोंदीविषयी. वहीत अकरा रकाने होते. पर्यवेक्षक सकाळी येऊन त्यांचा फोटो काढून नेत असत आणि एखादा रकाना रिकामा दिसला तर दिवसाचा मोबदला कापला जात असे. समजा मी खरे लिहिले असते, की ‘दोन वाजता डोळा लागला, साडेतीनला जाग आली तेव्हा कूस बदलली’, तर दुसऱ्या दिवशी मला काम मिळाले नसते. दिवसा दुसऱ्या घरी बारा तास काढून मी तिथे येत असे आणि हे संस्थेला ठाऊक होते, कारण दोन्ही कामे तिनेच दिली होती. अशा स्थितीत संस्थेला भरलेली वही हवी असते आणि ती तिला मिळते.

तेव्हा संस्थेची पारख करायची असेल तर तिच्या माणसांना आपण चार प्रश्न सहज विचारावेत, संस्थेसमोर नव्हे : इथे येण्याआधी काल कुठे होता? आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी असते? चोवीस तासांच्या कामात सलग किती तास झोप मिळते आणि त्या वेळी रुग्णाकडे कोण बघते? तुमच्या हातून चूक झाली तर कोणाला सांगता? शेवटच्या प्रश्नावर माणूस हसला, तर उत्तर मिळाले.

टिपणवही

निशाचर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या मदतनिसाला मी त्या पहाटे जे बोललो ते आज बोललो नसतो. त्याला काढून टाकले गेले आणि त्याची जागा घेणाऱ्याला त्याच खुर्चीत, त्याच वेळापत्रकात बसवले गेले, हे तेव्हा लक्षात आले नाही. तरीही एक शंका राहते : घरच्यांनी हे सारे विचारले तर संस्था ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे म्हणत नाहीत का?

निशाचर

म्हणतात. जी म्हणते तिच्याकडून माणूस घेऊ नये. रात्री जागणाऱ्याची झोप हा ज्याच्यासाठी तो जागतो त्याच्याही जिवाचा प्रश्न आहे.

सांजसावली

आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. आईला स्मृतिभ्रंश आहे आणि शरीराने ती धडधाकट आहे, त्यामुळे वर आलेल्या बहुतेक कसोट्या तिला लागू होत नाहीत. तिच्या बाबतीत मी एकच गोष्ट मोजते : महिन्यात किती वेगवेगळे चेहरे घरात आले. मागच्या संस्थेच्या काळात एका महिन्यात नऊ जणी आल्या. संस्थेच्या अहवालात त्या महिन्याची हजेरी शंभर टक्के होती, आणि ते खोटे नव्हते. एकही पाळी रिकामी गेली नव्हती.

आई आंघोळीला घाबरते. अंगावर पाणी पडले की ओरडते, हात झटकते, एकदा तिने बोचकारलेही. तिसऱ्या की चौथ्या बाईंनी आपण होऊन एक युक्ती शोधली. त्या आईच्या खांद्यांवर कोरडा पंचा तसाच ठेवत, पाणी पायांपासून सुरू करत, आणि पंच्याखालून एक-एक भाग धूत. आईला उघडे पडल्यासारखे वाटत नसे आणि ओरडणे थांबले. चौदा दिवसांनी त्या बाई दुसऱ्या घरी पाठवल्या गेल्या. पुढच्या बाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी डोक्यावरून पाणी ओतले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मी संस्थेला विचारले, की जाणाऱ्या बाई येणाऱ्या बाईंना काही सांगून जातात का? उत्तर आले, ‘सगळ्या प्रशिक्षित आहेत.’

म्हणून माझी कसोटी अशी : बदली आलेल्या व्यक्तीला आईच्या खोलीत नेण्याआधी मी दारातच विचारते, ‘आईंना कशाची भीती वाटते हे तुम्हाला सांगितले आहे का?’ आताच्या संस्थेकडून पहिल्यांदा बदली आली तेव्हा त्या बाई म्हणाल्या, ‘पाण्याची. आणि संध्याकाळी त्या घरी जायचे म्हणतात, तेव्हा हेच तुमचे घर आहे असे म्हणायचे नाही.’ मी तिथेच उभी राहिले. आई संध्याकाळ झाली की अस्वस्थ होते आणि तिला वाद घालून पटवले तर अधिक बिथरते, हे शिकायला मला स्वतःला वर्ष लागले होते. ते कुठेतरी लिहिले गेले होते आणि कोणीतरी ते वाचून आले होते.

औषधखाते

मी औषधविक्रेता आहे, म्हणून माझ्या विषयापुरते.

औषध देण्याचे पाच नियम सगळ्यांना पाठ असतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाठ असणे आणि पाळणे यातले अंतर मोजायचा सोपा मार्ग म्हणजे गोळ्या मोजणे. तीस गोळ्या आणल्या, रोज एक, चौदा दिवस झाले, तर सोळा उरायला हव्यात. एकोणीस उरल्या असतील आणि वहीत चौदाही दिवस ‘दिली’ असेल, तर त्यावर शांतपणे बोलावे.

दुसरे, नळीतून आहार असलेल्या रुग्णांच्या घरी गोळ्या सर्रास कुटून दिल्या जातात. ज्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात त्या कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते. ज्यांच्यावर आम्लापासून वाचवणारे आवरण असते त्यांचे आवरण मोडते. अशी गोळी आहे का, हे मदतनिसाला कळणे अपेक्षित नाही. संस्थेच्या परिचारिकेला कळणे अपेक्षित आहे, आणि तिने औषधांची यादी पाहिल्यावर एखादे औषध पातळ स्वरूपात मिळेल का, असे डॉक्टरांना किंवा आम्हाला विचारायला हवे. गेल्या अनेक वर्षांत असे विचारणाऱ्या संस्था मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन. आहार देताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला संसर्ग होण्याची भीती असते, हेही जाता जाता.

आणि संस्थेला विचारायचा प्रश्न : ‘मागच्या वर्षभरात तुमच्याकडे औषधांच्या किती चुका नोंदल्या गेल्या?’ ‘एकही नाही’ असे उत्तर आले तर मी त्या संस्थेला माझ्या आईजवळ फिरकू देणार नाही. माझ्या दुकानात चार शिकलेले लोक दिवसाउजेडी काम करतात, तरी आमच्या चुकांची वही कोरी नसते.

उलटतपासणी

सर्व प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण मला ते काहीसे आदर्शवादी वाटतात. रुग्णालयातून घरी सोडताना बहुतेक कुटुंबांच्या हातात एक-दोन दिवस असतात. त्या गडबडीत मोजपट्टीचे गुण कोण विचारणार? ज्यांना पहिल्या दूरध्वनीला माणूस मिळतो ते देवाचे आभार मानतात. दुसरे, कुटुंबेही काही कमी नाहीत. रुग्णासाठी आलेल्या बाईंना घरभराची भांडी घासायला लावायची, पाहुण्यांसाठी राबवायचे आणि मग रुग्णाची कूस बदलली नाही म्हणून संस्थेला जाब विचारायचा, हे मी माझ्या नातेवाइकांत पाहिले आहे. तिसरे, अर्धविराम यांच्या कॅमेऱ्याच्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिलेले नाही. मला तरी तो सर्वांत व्यवहार्य उपाय वाटतो.

माझा सल्ला असा, की करारपत्र नीट वाचावे. मदतनीस आला नाही तर किती तासांत बदली मिळेल, मुदतीआधी सेवा थांबवली तर आगाऊ भरलेल्या रकमेचे काय होईल, कोणती कामे मदतनिसाच्या कक्षेबाहेर आहेत, घरात काही मोडले किंवा कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, एवढे जरी लेखी असले तरी पुष्कळ झाले.

जुनी_परिचारिका

उलटतपासणी यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. घाईच्या दिवसांत निवड नीट होत नाही. म्हणूनच निवडीपेक्षा पहिल्या पंधरवड्यातली पारख महत्त्वाची, आणि करार एकदम दीर्घ मुदतीचा न करता पंधरा दिवसांचा करून घ्यावा. दुसऱ्या मुद्द्यावर तर टाळ्या वाजवाव्यात. चांगली संस्था कुटुंबालाही नाही म्हणते. आमच्या परिचारिका पहिल्या भेटीत कामांची यादी वाचून दाखवत आणि खाली घरच्यांची सही घेत. काही घरांना ते अपमानास्पद वाटे.

कॅमेऱ्याविषयी. कॅमेऱ्याला हालचाल दिसते, त्वचा दिसत नाही. मदतनीस दोन वाजता उठला आणि रुग्णाजवळ गेला हे दिसेल, पण रुग्णाला सरकवताना चादरीवरून घासत नेले की उचलून, हे दिसणार नाही, आणि त्वचेचे नुकसान तिथेच होते. शिवाय जो माणूस आंघोळीला, डायपर बदलायला दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याचे उघडे शरीर दिवसरात्र चित्रित व्हावे का, हे त्याला कोणी विचारले आहे का? लावायचाच असेल तर रुग्णाला आणि मदतनिसाला सांगून लावावा, आणि त्याचा रोख दाराकडे व औषधांच्या टेबलाकडे असावा. पर्यवेक्षकाची वेळ न कळवता झालेली भेट मला त्यापेक्षा भरवशाची वाटते. संस्थेला विचारा, मागच्या तीन महिन्यांत पर्यवेक्षक रात्री नऊनंतर किती घरांत गेले. आमच्याकडे याचे उत्तर माझ्या कारकिर्दीतली पहिली तीन वर्षे शून्य होते, आणि मीच पर्यवेक्षक होते.

अर्धविराम

धन्यवाद. कॅमेरा मागवला होता, तो आता दाराच्या बाजूला लावतो. आईला विचारले, ती म्हणाली, ‘मला विचारलेस हेच पुष्कळ झाले.’

सांजसावली

कराराच्या यादीत आणखी एक भर : वजन. आमच्या करारात दर महिन्याला वजन करून लिहिण्याची अट आम्ही घालून घेतली. आई स्वतःहून भूक लागल्याचे सांगत नाही. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन नकळत उतरले तर ती धोक्याची खूण मानतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आई साठ किलोंची आहे, म्हणजे महिन्यात तीन किलो. कपडे सैल दिसेपर्यंत थांबलो असतो तर फार उशीर झाला असता.

टिपणवही

सर्वांचे आभार. चर्चेच्या मधल्या तीन आठवड्यांत आमच्याकडे जे घडले ते लिहितो.

सध्याच्या, म्हणजे तिसऱ्या संस्थेच्या पर्यवेक्षिकेला मी हा धागा दाखवला नाही, पण इथले प्रश्न एकेक करून विचारले. ब्रेडनचे गुण त्यांच्याकडे होते, पण दोन महिन्यांपूर्वीचे. त्यांनी त्याच दिवशी पुन्हा काढले, चौदा आले. औषधांच्या चुकांच्या प्रश्नावर त्या थोड्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, की आकडा सांगू शकणार नाहीत, पण तुमच्याच घरी मार्चमध्ये एकदा रक्तदाबाची संध्याकाळची गोळी राहिली होती, ते वहीत आहे आणि डॉक्टरांना कळवले होते. मी वही उलटून पाहिली. होते. मी वाचलेच नव्हते.

वडिलांची मूठ उघडून पाहिली. करंगळीचे नख वाढलेले होते, बाकी तळहात स्वच्छ आणि कोरडा होता. बोटे उलगडताना वडील ‘हळू’ म्हणाले. गेल्या चार वर्षांत मी त्यांचा तो हात धरला होता, पण उघडला नव्हता.

रात्रीच्या मदतनिसाला निशाचर यांचे चार प्रश्न विचारले. तो दिवसा दुसरीकडे काम करत नाही, मात्र त्याचे मूल आजारी असल्यामुळे त्या आठवड्यात त्याची दिवसाची झोप होत नव्हती. ‘असे असेल तर वहीत खरे तेच लिहा, मी कोणाकडे तक्रार करणार नाही’, असे मी त्याला सांगितले. त्याचा विश्वास बसला असे वाटले नाही. पर्यवेक्षिकेलाही तेच सांगितले, आणि त्यांनी ते त्याला माझ्यादेखत सांगावे अशी विनंती केली. त्यांनी सांगितले.

परवा सकाळी वहीत ही नोंद होती : ‘२.०० ला कूस बदलली नाही, झोप लागली. ३.४० ला डावी कूस दिली. पाठ पाहिली, लाली नाही. उजव्या टाचेवर थोडी आहे, दाबल्यावर जाते. टाच उशीवरून अधांतरी ठेवली.’ त्याखाली पर्यवेक्षिकेच्या अक्षरात दोन ओळी होत्या : ‘वाचले. गुरुवारपर्यंत रात्री १ ते ५ दुसरा माणूस येईल, टाच रोज दोनदा पाहणे.’ गुरुवारपर्यंत तो दुसरा माणूस रोज आला.